पाच मिनिटे पंचावन्न सेकंद

१९७५ सालचा शरद ऋतू. लंडनमधील ईएमआय या बड्या ध्वनिमुद्रिका कंपनीपुढे एक पेच उभा राहिला होता. क्वीन या चार तरुणांच्या रॉक बँडने आपल्या नव्या अल्बममधील एक गाणे 'सिंगल' म्हणून, म्हणजे स्वतंत्र छोटी तबकडी म्हणून, बाजारात आणण्याचा आग्रह धरला होता. गाण्याची लांबी होती पाच मिनिटे पंचावन्न सेकंद. रेडिओवर तेव्हा साधारण तीन-साडेतीन मिनिटांची गाणी वाजत. त्याहून एवढे मोठे गाणे निवेदक लावणार नाहीत आणि रेडिओवर न वाजलेली तबकडी दुकानातच पडून राहील, हा धंद्याचा साधा हिशेब होता. त्यातच या गाण्याला लोकांच्या ओठी बसेल असे ध्रुवपदही नव्हते. सुरुवातीला वाद्यांविना समूहगान, मग पियानोवरचे करुण गीत, मध्येच ऑपेराचा गदारोळ, त्यानंतर कानठळ्या बसवणारे रॉक आणि शेवटी पुन्हा शांतता, असा त्याचा प्रवास होता. कंपनीने गाणे कापण्याचा सल्ला दिला. बँडच्या व्यवस्थापकालाही लांबीची धास्ती वाटत होती. ज्याने ते लिहिले त्या गायकाने मात्र ठाम नकार दिला. गाणे येईल तर अखंड येईल, नाहीतर येणारच नाही, अशी त्याची भूमिका होती आणि बँडमधील सहकारी त्याच्या पाठीशी उभे राहिले.

तो गायक म्हणजे फ्रेडी मर्क्युरी आणि ते गाणे म्हणजे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'.

रॉक संगीताच्या इतिहासात या गाण्याला आज जे स्थान आहे, ते पाहता तो नकार शहाणपणाचा होता असे म्हणणे सोपे आहे. त्या दिवसांत मात्र तो जुगार होता. लावायला जवळ फारसे काही नसलेल्या माणसांनी तो खेळला होता.

फ्रेडीचे मूळ नाव फरोख बलसारा. आडनावच गुजरातेतील वलसाडशी नाते सांगणारे. वडील बोमी बलसारा आणि आई जेर हे पारशी दाम्पत्य. बोमी ब्रिटिश वसाहत सरकारच्या नोकरीत रोखपाल होते आणि नोकरीनिमित्त आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळील झांझिबार बेटावर राहत होते. तेथेच ५ सप्टेंबर १९४६ रोजी फरोखचा जन्म झाला. मुलाला चांगले इंग्रजी शिक्षण मिळावे म्हणून आई-वडिलांनी त्याला वयाच्या आठव्या वर्षी समुद्रापार भारतात पाठवले. पसरणी घाटावरच्या पाचगणीतील सेंट पीटर्स या निवासी शाळेत तो दाखल झाला. सुट्टीत मुंबईच्या नातेवाइकांकडे राहायचे आणि आई-वडिलांची भेट क्वचितच घडायची, असे त्याचे बालपण गेले.

पाचगणीने त्याला दोन गोष्टी दिल्या. पहिली नाव. शाळेतील मुले त्याला फ्रेडी म्हणू लागली आणि पुढे घरच्यांनीही तेच स्वीकारले. दुसरी गोष्ट पियानो. त्याचा संगीताकडील ओढा शाळेच्या लक्षात आला. जादा शुल्क भरून त्याला पियानोची शिकवणी लावण्यात आली आणि चौथ्या श्रेणीपर्यंतच्या परीक्षा त्याने दिल्या. १९५८च्या सुमारास शाळेतील पाच मुलांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. रेडिओवर ऐकलेली रॉक अँड रोलची गाणी ही मुले शाळेच्या समारंभांत वाजवत. फ्रेडी त्यात पियानो वाजवत असे. गमतीची गोष्ट अशी, की बँडचा मुख्य गायक तो नव्हता.

१९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. पण हे परतणे अल्पकाळाचे ठरले. जानेवारी १९६४ मध्ये तेथे क्रांती होऊन सुलतानाची राजवट उलथली, रक्तपात झाला आणि बलसारा कुटुंबाने इंग्लंडची वाट धरली. लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळील फेल्थम या साध्या उपनगरात त्यांनी संसार पुन्हा मांडला. सतरा वर्षांच्या फ्रेडीचा हा तिसरा देश होता. तेथील ईलिंग कला महाविद्यालयातून त्याने १९६९ मध्ये ग्राफिक डिझाइनची पदविका घेतली. केन्सिंग्टनच्या बाजारात रॉजर टेलर या मित्रासोबत कपड्यांचा गाळा चालवला, चार-दोन बँडमध्ये गाऊन पाहिले. टेलर ड्रम वाजवत असे आणि त्याचा सहकारी ब्रायन मे गिटार. मेने ती गिटार वडिलांच्या मदतीने घरीच तयार केली होती. १९७० मध्ये फ्रेडी या दोघांना मिळाला. बँडला क्वीन हे नाव त्याने दिले, राशिचिन्हांनी नटलेले बँडचे बोधचिन्ह त्यानेच रेखाटले आणि स्वतःचे आडनावही बदलून मर्क्युरी केले. १९७१ मध्ये बास गिटारवादक जॉन डीकन आला आणि चौकडी पूर्ण झाली.

पहिला अल्बम १९७३ मध्ये आला. १९७४ च्या अखेरीस 'किलर क्वीन' या फ्रेडीच्या गाण्याने ब्रिटिश लोकप्रियतेच्या यादीत दुसरे स्थान पटकावले. जपानच्या दौऱ्यात विमानतळावर चाहत्यांची झुंबड उडाली. बाहेरून पाहणाऱ्याला बँड यशाच्या शिखरावर असल्यासारखा वाटावा, अशी स्थिती होती. प्रत्यक्षात चौघांच्या हाती आठवड्याला सुमारे ६० पौंड पडत होते. सुरुवातीला सही केलेल्या करारामुळे मिळकतीचा ओघ व्यवस्थापन कंपनीकडे वळत होता. १९७५ मध्ये त्यांनी वकिलांच्या मदतीने त्या करारातून सुटका करून घेतली. पण त्यासाठीही एक लाख पौंड आणि पुढच्या अल्बमच्या उत्पन्नातील वाटा कबूल करावा लागला. एल्टन जॉनचा व्यवस्थापक जॉन रीड याने क्वीनची सूत्रे हाती घेतली आणि चौघांना एकच काम सांगितले, ते म्हणजे उत्तम अल्बम करण्याचे. पुढचा अल्बम कोसळला असता तर बँडचे काय झाले असते, याची कल्पना करणे कठीण नव्हते.

अशा वेळी कोणीही सुरक्षित वाट धरली असती. फ्रेडीच्या डोक्यात मात्र दुसरेच काही घोळत होते. या गाण्याचा एक धागा त्याच्या मनात कॉलेजच्या दिवसांपासून होता. तेव्हाच्या मित्रांना त्याने पियानोवर त्याचा तुकडा ऐकवला होता आणि त्याला कामचलाऊ म्हणून 'काउबॉय साँग' म्हटले जाई. मनातल्या मनात तीन वेगवेगळ्या गाण्यांचे तुकडे एकत्र येत होते. निर्माता रॉय थॉमस बेकर एकदा त्याच्या घरी गेला असता फ्रेडीने पियानोवर सुरुवातीचा भाग वाजवून दाखवला, मग हात थांबवले आणि इथून पुढे ऑपेरा सुरू होईल, एवढेच सांगून टाकले. बेकरला हसू आले. पण तरुणपणी डेक्का कंपनीत असताना त्याने ऑपेरा मंडळींचे ध्वनिमुद्रण जवळून पाहिले होते. त्यामुळे ही कल्पना त्याला वेडगळ वाटली, तरी अशक्य वाटली नाही.

२४ ऑगस्ट १९७५ रोजी वेल्समधील मॉनमथ गावाजवळच्या रॉकफील्ड स्टुडिओत ध्वनिमुद्रण सुरू झाले. शेतावरच्या जुन्या इमारतींत उभा राहिलेला हा स्टुडिओ शहराच्या गजबजाटापासून दूर होता. आधी पियानो, बास आणि ड्रम यांचा पाया घालण्यात आला. मधल्या ऑपेरासाठी सुमारे तीस सेकंदांची फीत कोरी सोडून देण्यात आली. त्या कोऱ्या जागेत काय येणार, हे फक्त फ्रेडीला ठाऊक होते. कागदाच्या कपट्यांवर टिपून ठेवलेल्या सुरावटी तो घेऊन यायचा, पियानोवर एकेकाचा स्वर वाजवून दाखवायचा आणि तो गाऊन घ्यायचा. रोज नवी भर पडे आणि ती कोरी जागा लांबत जाई.

या भागासाठी कोणताही गायकवृंद बोलावण्यात आला नाही. फ्रेडी, मे आणि टेलर हे तिघेच तो वृंद झाले. मेचा आवाज खालच्या स्वरांचा, टेलरचा टिपेला जाणारा आणि फ्रेडीचा मधल्या पट्टीत भक्कम. दिवसाला दहा-बारा तास हे तिघे गात राहिले. एक ओळ अनेकदा गायची, ती थरावर थर चढवत मुद्रित करायची आणि तीन माणसांच्या गळ्यांतून मोठा समुदाय उभा करायचा, अशी ही पद्धत होती. केवळ ऑपेराच्या भागाला सुमारे तीन आठवडे लागले. त्या काळात एक संपूर्ण अल्बम तेवढ्यात होत असे.

आज संगणकावर हवे तितके थर चढवता येतात. १९७५ मध्ये हाताशी होती ती चोवीस ट्रॅकची चुंबकीय फीत. म्हणजे चोवीस आवाज झाले की जागा संपली. मग त्यांतील अनेक आवाज एकत्र मिसळून एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत नवे आवाज भरायचे. असे प्रत्येक वेळी केले की मूळ आवाजाची नक्कल होते, नकलेची पुन्हा नक्कल होते आणि दर पिढीगणिक आवाजाची झळाळी थोडी कमी होते. या गाण्यात काही आवाज आठव्या पिढीपर्यंत गेले. एकूण थरांची संख्या १८० च्या घरात पोहोचल्याचे सांगितले जाते. फीत यंत्राच्या डोक्यावरून इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा चुंबकीय लेप झिजला आणि उजेडासमोर धरल्यास ती आरपार दिसू लागली. ज्यावर सगळी मेहनत साठवली होती ती वस्तूच हातात विरत चालली होती. घाईघाईने तिची प्रत काढून काम पुढे नेण्यात आले. वेगवेगळे भाग लंडनमधील आणखी काही स्टुडिओंत पूर्ण झाले, ब्लेडने फीत कापून आणि चिकटवून जोडले गेले. मेने गिटारचे एकल वादन मूळ चालीची नक्कल न करता स्वतंत्र सुरावट म्हणून बांधले. शेवटी टेलरने भल्यामोठ्या घंटेवर टोला दिला आणि गाणे विरले.

शब्दांत काय होते? एक तरुण आईजवळ खुनाची कबुली देतो, पश्चात्ताप करतो. मग जणू त्याच्यावर खटला चालतो. त्यात इटालियन लोकनाट्यातला विदूषक येतो, जुन्या काळचा खगोलशास्त्रज्ञ येतो, अरबी नामस्मरणाचा शब्दही येतो. याचा अर्थ काय, हे फ्रेडीने आयुष्यभर सांगितले नाही. श्रोत्यांनी आपल्याला हवा तो अर्थ घ्यावा, अशी त्याची भूमिका होती. कोणी त्यात बेट सोडून आलेल्या निर्वासित मुलाचे दुःख पाहिले, तर कोणी पुरुषांविषयीच्या आकर्षणाची गुप्त कबुली. बँडमधील सहकाऱ्यांनीही त्याचे मौन राखले.

हे असे गाणे कापायचे तरी कुठे? ऑपेरा काढला तर दोन्ही टोकांचा संबंध तुटतो, सुरुवात काढली तर खटला कशाचा हे कळत नाही. फ्रेडीचा हट्ट हा कलावंताचा लहरीपणा नव्हता. या गाण्यात कडवे पुन्हा येतच नव्हते, त्यामुळे वगळण्याजोगे काही नव्हतेच.

कोंडी फुटली ती रेडिओवरूनच. केनी एव्हरेट हा लंडनच्या कॅपिटल रेडिओचा खोडकर, लोकप्रिय निवेदक. फ्रेडीशी त्याची मैत्री होती. त्याला गाण्याची प्रत देण्यात आली, ती केवळ स्वतः ऐकण्यासाठी, प्रसारित न करण्याच्या अटीवर. ही अट देणारे आणि घेणारे, दोघांनाही ती पाळली जाणार नाही हे माहीत असावे. एव्हरेटने आधी बोट चुकल्याचा बहाणा करत गाण्याचे तुकडे ऐकवले, श्रोत्यांच्या दूरध्वनींनी केंद्र गजबजले आणि मग त्याने ते पूर्ण लावले. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत ते चौदा वेळा वाजले. सोमवारी लोक दुकानांत ते मागू लागले आणि ते अजून बाजारात आलेलेच नाही, असे दुकानदार सांगू लागले. एवढ्या लांबीचे गाणे रेडिओवर कोणी ऐकणार नाही, या भाकिताला रेडिओच्या श्रोत्यांनीच उत्तर दिले होते. ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी तबकडी प्रसिद्ध झाली. एक सेकंदही न कापता.

आता प्रश्न दूरचित्रवाणीचा होता. बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या कार्यक्रमात गाणे दिसणे विक्रीसाठी महत्त्वाचे होते. पण क्वीनचा देशभराचा दौरा नोव्हेंबरच्या मध्यावर सुरू होणार होता. शिवाय तीन माणसांच्या आवाजांतून उभा केलेला तो समुदाय कार्यक्रमात ओठ हलवून दाखवणार तरी कसा? तेव्हा १० नोव्हेंबर रोजी एल्स्ट्री येथील स्टुडिओत, जिथे दौऱ्याची तालीम चालू होती तिथेच, ब्रूस गोवर्स या दिग्दर्शकाने व्हिडिओ टेपवर गाण्याचे चित्रीकरण केले. काम चार तासांच्या आत आटोपले. खर्च आला सुमारे साडेचार हजार पौंड. अंधारातून उजळणारे चार चेहरे ही प्रतिमा त्यांच्याच दुसऱ्या अल्बमच्या मुखपृष्ठावरून, मिक रॉकने काढलेल्या छायाचित्रावरून, घेतली होती. एका चेहऱ्यामागे चेहऱ्यांची रांग लागते तो परिणाम कॅमेरा पडद्याकडेच रोखून साधला होता. २० नोव्हेंबरला ही फीत दाखवली गेली. गाण्याचे चित्रीकरण विक्रीसाठी वापरण्याचा हा पहिला प्रयोग नव्हे. परंतु त्याची ताकद संगीतव्यवसायाला पटली ती या फितीनंतर. एमटीव्ही ही वाहिनी त्यानंतर सहा वर्षांनी आली.

२९ नोव्हेंबरला गाणे ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि सलग नऊ आठवडे तेथून हलले नाही. जानेवारी संपेपर्यंत दहा लाखांवर तबकड्या खपल्या. अमेरिकेतही ते नवव्या स्थानापर्यंत गेले. 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा' या अल्बमनेही ब्रिटनमध्ये अव्वल स्थान मिळवले. कर्जाची आणि करारांची चिंता मागे पडली.

पुढची दहा वर्षे क्वीनने जगभरची मैदाने भरली. मात्र या गाण्याचा ऑपेरा त्यांनी रंगमंचावर प्रत्यक्ष गायला नाही. त्या वेळी चौघे आत निघून जात, ध्वनिमुद्रित भाग वाजे आणि रॉकच्या दणक्यासरशी ते पुन्हा अवतरत. १३ जुलै १९८५ रोजी वेम्ब्ली मैदानावरील 'लाइव्ह एड' या मदत कार्यक्रमात फ्रेडीने पियानोवर बसून प्रारंभ केला तो याच गाण्याच्या सुरुवातीने. त्या दिवशी वेळ मोजून सुमारे वीस मिनिटांची होती. ज्या गाण्याला त्याने कोणाला कात्री लावू दिली नव्हती, ते त्याने स्वतः अर्ध्यावर थांबवले आणि पुढच्या गाण्याकडे वळला.

१९८७ मध्ये त्याला एचआयव्हीची बाधा झाल्याचे निदान झाले. त्या काळी या आजाराभोवती भीती आणि लांच्छन यांचे दाट सावट होते. वृत्तपत्रे त्याच्या खंगत चाललेल्या शरीराची छायाचित्रे छापत होती. त्याने मात्र मौन पाळले आणि अंगात त्राण असेपर्यंत गाणी मुद्रित केली. अखेर २३ नोव्हेंबर १९९१ रोजी निवेदनाद्वारे त्याने आपल्याला एड्स असल्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी, २४ नोव्हेंबरला, लंडनमधील गार्डन लॉज या राहत्या घरी त्याचे निधन झाले. वय अवघे ४५. अंत्यसंस्काराच्या वेळी पारशी धर्मगुरूंनी प्रार्थना म्हटल्या. मर्क्युरी झालेला फरोख शेवटी आई-वडिलांच्या धर्मात निरोप घेत होता. त्याच्या अस्थी कोठे आहेत, हे जाहीर करण्यात आले नाही.

त्याच डिसेंबरमध्ये 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' पुन्हा प्रसिद्ध झाले आणि पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेले. या वेळी पाच आठवडे. १९७५ आणि १९९१, अशा दोन नाताळांत अव्वल ठरलेले ते पहिले ध्वनिमुद्रण. त्याची मिळकत एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला देण्यात आली. ज्या आजाराचे नाव उच्चारायला त्याला शेवटचा दिवस उजाडावा लागला, त्याच्याशी लढणाऱ्यांच्या हाती त्याच्या गाण्याने दहा लाखांहून अधिक पौंड ठेवले. हे गाणे पहिल्यांदा लोकांपर्यंत नेणारा केनी एव्हरेटही १९९५ मध्ये त्याच आजाराने गेला.

१९९२ मध्ये 'वेन्स वर्ल्ड' या विनोदी चित्रपटात मोटारीत बसलेल्या पोरांनी माना हलवत हे गाणे म्हटले आणि अमेरिकेत ते दुसऱ्या क्रमांकावर चढले. २०१८ मध्ये फ्रेडीच्या जीवनावरील चित्रपटाने याच गाण्याचे नाव घेतले. रामी मालेकला त्यातील भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले. हे गाणे कोणी ऐकणार नाही असे बजावणारा जो कंपनी अधिकारी त्या चित्रपटात दिसतो, ते पात्र काल्पनिक आहे. ते साकारले माइक मायर्सने, 'वेन्स वर्ल्ड'मध्ये त्या मोटारीत बसलेल्या नटाने. २०१८ अखेर, इंटरनेटवर सर्वाधिक ऐकले गेलेले विसाव्या शतकातील गाणे म्हणून याची नोंद झाली.

सप्टेंबर २०२३ मध्ये लंडनला सदबीजने फ्रेडीच्या संग्रहाचा लिलाव केला. ज्या यामाहा पियानोवर त्याने हे गाणे रचले, त्याला सुमारे १७ लाख ४० हजार पौंड मिळाले. गाण्याच्या हस्तलिखित मसुद्याची पंधरा पाने सुमारे १३ लाख ८० हजार पौंडांना गेली. एका विमान कंपनीच्या कागदांवर लिहिलेल्या त्या पानांत जागोजागी खाडाखोड आहे. गाण्याचे आधीचे नावही त्यांत आहे. ते होते 'मंगोलियन ऱ्हॅप्सडी'. त्यातील पहिला शब्द फ्रेडीने स्वतःच्या हाताने खोडला आणि वर 'बोहेमियन' लिहिले.